दादानं उघडलेला मेल घरी येत नाही

लक्षण आधी सांगतो, म्हणजे हाच त्रास असेल त्यानं पुढं वाचावं, नसेल त्यानं आपलं काम बघावं. घरच्या सर्व्हरवर तीन-चार खात्यांचे मेल फेचमेल या प्रोग्रामनं ओढून आणताय. बहुतेक मेल वेळेत येतात. अधूनमधून एखादा येतच नाही. एरर नाही, स्पॅममध्ये नाही, छाननीच्या नियमात कुठं अडकलेला नाही. फोनवर मात्र तोच मेल समोर दिसतोय. शोधायला बसलं की चार दिवस सगळं सुरळीत, आणि विसरून गेलं की पुन्हा एक गायब.

मला हे सात-आठ महिने छळत होतं. कारण निघालं ते दादाच्या साडेदहाच्या चहात.

आमचं वर्कशॉप कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात. उसाच्या चरकाचे रोलर, बुश, गिअर आणि थोडं पंपाचं जॉबवर्क. दादा तिथं बसतो, मी शाहूपुरीत घरी बसून हिशेब, कोटेशन आणि जीएसटी बघतो. खाती चार: वर्कशॉपचं जुनं जीमेल, माझं स्वतःचं जीमेल, आमच्या डोमेनचं एका होस्टिंगवाल्याकडं असलेलं खातं आणि आप्पांचं याहू. हे सगळं एका जुन्या लॅपटॉपवर येतं. त्याचा स्क्रीन फुटलाय, पण बॅटरी तास-दीड तास टिकते. त्यामुळं वळवाच्या पावसात लाईट गेली तरी तो चालूच राहतो, वेगळा यूपीएस घ्यावा लागला नाही. त्यावर डेबियन ही लिनक्स प्रणाली, मेल आणायला फेचमेल, ठेवायला डव्हकॉट, आणि त्याच्या जोडीला छाननीसाठी सीव्ह. सीव्ह म्हणजे चाळणच, नावाला जागणारी.

मूळ मेल मूळ खात्यात तसाच राहिला पाहिजे, ही माझी अट. त्यालाही कारण आहे. 2019 च्या ऑगस्टात पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावरची 43 फुटांची धोक्याची पातळी केव्हाच मागं टाकली, शाहूपुरीत पाणी शिरलं आणि आमच्या खालच्या खोलीतला कॉम्प्युटर पाण्यात गेला. आप्पांचे मेल त्यावर पॉप या जुन्या पद्धतीनं उतरायचे आणि उतरले की मूळ जागेवरून पुसले जायचे. विम्याच्या पावत्या, बँकेचे उतारे, सगळं गेलं. तेव्हापासून घरी येते ती प्रत, अस्सल तिकडंच. आणि लॅपटॉप वरच्या मजल्यावर.

फेचमेलमध्ये यासाठी 'कीप' असं लिहावं लागतं. नाही लिहिलं तर फेचमेल आणलेला मेल मूळ खात्यातून काढून टाकतो. हा कीप मी लिहिला आणि माझ्या मते विषय संपला.

गुळाचा हंगाम उतरणीला लागला की चरकांच्या दुरुस्तीची कामं यायला लागतात. अशाच एका संध्याकाळी दादा आला.

"काय रे, ती बारा रोलरची ऑर्डर बघिटलीस का?"

"कुठली ऑर्डर?"

"सकाळीच आलीया की! मी वाचली बी."

हे "मी वाचली बी" तेव्हाच नीट ऐकलं असतं तर पुढचे दोन महिने वाचले असते. पण मी लागलो लाईटच्या मागं. मग राउटरच्या. मग सीव्हचा एकेक नियम बंद करून बघितला. स्पॅमचा फोल्डर तर रोज उपसत होतो. शेवटी कंटाळून वहीत नोंद करायला सुरुवात केली: कुठला मेल आला नाही, कुठल्या खात्याचा, किती वाजता आलेला. अकरा नोंदी झाल्यावर बघितलं, तर अकराही वर्कशॉपच्या खात्याचे. त्यातले नऊ सकाळी सव्वादहा ते अकराच्या मधले, दोन संध्याकाळी पाचच्या आसपासचे. उद्यमनगरात त्या वेळेला काय असतं? चहा. पोरगं किटली घेऊन येतं, दादा हात पुसतो, स्टुलावर बसतो आणि फोन काढून मेल बघतो.

खात्री करायला तीन मेल पाठवून बघा, पाच मिनिटांचं काम आहे. पहिला पाठवा आणि त्याला कुणीही हात लावू नका. फेचमेलच्या पुढच्या फेरीत तो घरी येईल. दुसरा पाठवा आणि फेरी व्हायच्या आत फोनवर उघडा. तो येणार नाही. तिसराही तसाच उघडा, पण लगेच 'न वाचलेला' अशी खूण परत करून ठेवा, तो येईल. माझ्याकडं तंतोतंत असंच झालं. म्हणजे मेल हरवत नव्हता. वाचलेला आहे एवढ्याच कारणानं फेचमेल त्याला शिवत नव्हता.

आणि हे तो लपवतही नव्हता. फेचमेलला बोलकं करून चालवलं, म्हणजे उणे चिन्ह आणि व्ही लावून, तर दर फेरीला एक ओळ येते: इतके मेसेज, त्यातले इतके 'सीन'. पुढं त्या सीनवाल्यांना वगळल्याचं एकेक करून लिहिलेलं असतं. ती ओळ मी महिनोन् महिने बघत होतो. सीन म्हणजे फेचमेलनं आधी बघितलेले, असा माझा समज. प्रत्यक्षात सीन म्हणजे कुणीही बघितलेले.

आयमॅपमध्ये, म्हणजे मेल सर्व्हरवरच ठेवून वाचायच्या पद्धतीत, प्रत्येक मेलवर काही खुणा असतात: वाचलेला, उत्तर दिलेला, तारांकित, पुसायचा, कच्चा. ही खूण मेलवर असते, वाचणाऱ्याच्या नावावर नसते. गावाच्या चावडीवर एकच वही आणि सगळ्यांनी त्यातच बरोबरची खूण करायची, तसं. आयमॅपवर फेचमेल नवा मेल ओळखतो तो याच खुणेवरून. जिथं खातं एकटा फेचमेलच उघडतो तिथं हे चालून जातं. एरिक रेमंड यांनी तो 1996 च्या सुमाराला लिहायला घेतला, तेव्हा एकाच पेटीत चार फोन हात घालतील असा जमानाच नव्हता.

याची उलटी बाजूही आहे, आणि ती कळल्यावर मला दादापुढं थोडी लाज वाटली. कीप लावलेला फेचमेल मेल घेऊन गेला की मूळ मेलवर वाचल्याची खूण करून ठेवतो, म्हणजे पुढच्या वेळी तोच परत यायला नको. दादाची बऱ्याच दिवसांची तक्रार होती की त्याच्या फोनवर नवीन मेल ठळक दिसतच नाहीत, आपोआप वाचल्यासारखे होतात. मी त्याला फोन बदल म्हणून सांगितलं होतं. त्यानं बदललाही.

आता उपाय. पहिला जो केला तो करू नका. फेचमेलला 'फेचऑल' नावाचा पर्याय आहे: वाचलेले, न वाचलेले, सगळे आण. कीपच्या जोडीला हा लावला की प्रत्येक फेरीत अख्खा इनबॉक्स नव्यानं उतरतो. रात्री लावून झोपलो, सकाळी प्रत्येक मेलच्या नऊ-नऊ प्रती. वर जीमेल लॉगिन घेईना. एका दिवसात आयमॅपवरून किती उतरवायचं याला गुगलची मर्यादा असते. वर्कस्पेसच्या, म्हणजे कंपन्यांसाठीच्या, खात्यांना ती 2500 एमबी सांगितलेली आहे. कास्टिंगचे ड्रॉइंग आणि फोटो नऊ वेळा उतरवल्यावर काय होणार?

तो पसारा आवरायला डव्हकॉटच्या डव्हॲडमची 'डिडुप्लिकेट' ही आज्ञा आहे. तिला उणे एम लावलं की ती मेसेज-आयडी, म्हणजे मेलवरचा ओळखीचा शिक्का, बघून एकाच फोल्डरमधल्या जादा प्रती काढते. ती चालवायच्या आधी मेलडिर, म्हणजे मेल ठेवलेली डिरेक्टरी, अख्खी दुसऱ्या डिस्कवर कॉपी करून घ्या. ही आज्ञा विचारत बसत नाही, थेट काढून टाकते.

खरा उपाय म्हणजे आणणाऱ्यानं स्वतःची वही ठेवायची. आयमॅप फोल्डरमधल्या प्रत्येक मेलला एक चढता क्रमांक देतो, यूआयडी, आणि तो दुसऱ्या मेलला परत दिला जात नाही. गेटमेल हा फेचमेलसारखाच मेल आणणारा प्रोग्राम याच क्रमांकांची नोंद आपल्या घरी ठेवतो. दादानं मेल उघडला काय, तारा लावला काय, गेटमेलला फरक पडत नाही; त्याच्या वहीत तो क्रमांक नसेल तर तो मेल आणतो. शिवाय तो डोकावून घेतो, खूण करत नाही, म्हणजे दादाच्या फोनवर नवा मेल ठळकच राहतो. डेबियनमध्ये तो गेटमेल-सिक्स या नावानं मिळतो.

यातही एक खड्डा आहे आणि मी त्यात पडलो. 'रीड_ऑल' ही सेटिंग मुळात चालू असते, म्हणजे सगळं आण. ती 'फॉल्स' करायला विसरलात की पुन्हा फेचऑलचीच गत. 'डिलीट' मुळातच बंद असते, तरी मी ती फाईलमध्ये स्पष्ट लिहून ठेवली आहे. पुराचं पाणी एकदा बघितलेला माणूस अशा बाबतीत नशिबावर सोडत नाही. पहिल्या फेरीत वही कोरी असल्यामुळं जुना सगळा इनबॉक्स एकदा उतरणार, ते धरून चला. मी ती फेरी रविवारी केली, एका वेळी एकच खातं.

प्रत्येक खात्याला वेगळी फाईल. मेल टाकायचं काम डव्हकॉटच्या एलडीएकडं, आणि तिथंच उणे एम लावून खात्याचा फोल्डर ठरवून द्यायचा. तो फोल्डर आधी तयार नसेल तर मेल गुपचूप इनबॉक्समध्ये पडतो, म्हणून फोल्डर आधी करून घ्या. मी पूर्वी 'टू'मधला पत्ता बघून खाती वेगळी करायचो. तो नाद सोडा. बीसीसीनं आलेल्या मेलमध्ये आपला पत्ता तिथं नसतोच, आणि व्यापारी लोक दरपत्रकं सर्रास बीसीसीनं पाठवतात. कुठल्या खात्यातून आणला हे आणणाऱ्याला माहीत असतं, मग तेच वापरावं.

फेऱ्यांसाठी क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी प्रोग्राम सुरू करणारा, ठेवला नाही, सिस्टमडीचा टायमर लावला. एखाद्या मोठ्या ड्रॉइंगमुळं फेरी लांबली आणि पुढची वेळ झाली तर क्रॉन दुसरी फेरी सुरू करून मोकळा होतो, आणि दोघे एकाच वहीत लिहायला लागतात. टायमर पहिली संपेपर्यंत दुसरी सुरू करत नाही.

एवढं करून महिनाभर शांत गेलं. मग पुन्हा एक मेल आला नाही.

या वेळी मी थेट दादालाच विचारलं, वाचून काय केलंस? तर तो मेल वाचला की बोटानं सरकवतो. सरकवला की जीमेल तो आर्काइव्ह करतं, म्हणजे इनबॉक्समधून बाहेर. गेटमेल मुळात फक्त इनबॉक्स बघतो. दोन फेऱ्यांमधल्या दहा मिनिटांच्या आत सरकवलेला मेल त्याला दिसणारच नाही. म्हणून वर्कशॉपच्या खात्यापुरता इनबॉक्सच्या ऐवजी 'ऑल मेल' हा जीमेलचा फोल्डर लावला. त्यात आपण पाठवलेले मेलही असतात, पण सीव्हमध्ये वरच एक नियम टाकला: पाठवणारा आपणच असू तर 'पाठवलेले' फोल्डरमध्ये टाक आणि थांब. हा 'थांब' महत्त्वाचा, नाहीतर खालच्या नियमांपैकी एखादा लागला की मेल दोन ठिकाणी पडतो. आणखी एक: त्या जीमेलची भाषा कुणी मराठी केली तर आयमॅपवरच्या या खास फोल्डरची नावंही बदलतात आणि गेटमेलला ऑल मेल सापडत नाही. आमच्याकडं वहिनींनी दादाच्या सोयीसाठी एकदा केली होती. दोन दिवस मी पासवर्ड तपासत बसलो होतो.

पासवर्डचंही सांगूनच टाकतो. 2022 च्या मे अखेरपासून जीमेल अशा प्रोग्रामना खात्याचा साधा पासवर्ड घेऊ देत नाही. दुहेरी पडताळणी चालू करून सोळा अक्षरी ॲप पासवर्ड काढावा लागतो. याहूलाही ॲप पासवर्डच लागतो. खात्याचा मुख्य पासवर्ड बदलला की गुगलचे ॲप पासवर्ड रद्द होतात, ही गोष्ट घरात सगळ्यांना सांगून ठेवा. वरचेवर 'लॉगिन नाकारलं' येत असेल तर आधी घरच्यांना विचारा, मग कॉन्फिगला हात घाला. आऊटलूकच्या वैयक्तिक खात्यांना सप्टेंबर 2024 पासून साधा पासवर्ड चालतच नाही, ओऑथ, म्हणजे पासवर्ड न देता प्रोग्रामला परवानगी द्यायची पद्धत, करावं लागतं. आमच्याकडं ते खातं नाही म्हणून मी त्या वाटेला गेलो नाही.

तिसरा झटका डोमेनच्या खात्याचा. एका सकाळी त्या खात्याचे तीन वर्षांचे सगळे मेल पुन्हा नव्यानं उतरलेले. होस्टिंगवाल्यानं रात्रीत सर्व्हर बदलला होता, न सांगता. यूआयडी क्रमांक खरे कधीपर्यंत? तर त्या फोल्डरचा यूआयडी-व्हॅलिडिटी नावाचा आकडा तोच असेपर्यंत. तो बदलला की जुने क्रमांक रद्द, आणि वही कोरी असल्यासारखं सगळं पुन्हा. यात गेटमेलचा दोष नाही. नियमच तसा आहे. सीव्हमध्ये 'डुप्लिकेट' नावाची सोय आहे, तीच मेसेज-आयडी पुन्हा आली की मेल टाकून देते. पण ती ठराविक दिवसांपुरतंच लक्षात ठेवते. परवाचा मेल पुन्हा आला तर पकडेल, 2021 चा नाही. तेव्हा अशा वेळी पुन्हा तीच डिडुप्लिकेटची वाट. मला कुणी सर्व्हर बदलणार असल्याचं आधी कळवलं, तर मी त्या रात्री टायमर बंद ठेवतो आणि पहिली फेरी वेगळ्या रिकाम्या फोल्डरमध्ये घेतो.

राहिली छाननी. इथं एक गंमत आहे, आणि ती इंग्रजी मेलवाल्यांना कधी भेटणार नाही. चरकाची कामं वेगळी काढायला मी नियम केला: विषयात 'गुऱ्हाळ' असेल तर मेल 'चरक' फोल्डरमध्ये. अर्धे मेल पडले, अर्धे इनबॉक्समध्येच. विषयात गुऱ्हाळ मला डोळ्यांनी दिसतंय आणि सीव्ह म्हणतेय नाही.

पूर्वी छाननीला प्रोकमेल होतं तेव्हा हे समजण्यासारखं होतं. मराठी विषय मेलमधून जाताना इंग्रजी अक्षरांच्या सांकेतिक माळेत बांधून जातो, आणि प्रोकमेल ती माळ तशीच बघायचं. त्याला गुऱ्हाळ कधीच दिसलं नसतं. सीव्ह ती सोडवून युनिकोडमध्ये आणते आणि मग ताडून बघते. तरीही अर्धेच.

दोन्ही विषय कॉपी करून एकेक अक्षर सुटं करून बघितलं तेव्हा कळलं. 'गुऱ्हाळ' मधला तो अर्धा र दोन प्रकारे लिहिता येतो. एकात ऱ हे वेगळं अक्षर असतं आणि त्याला हलन्त. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यापुढं न दिसणारं जोडचिन्ह: 'गुर्‍हाळ'. कागदावर दोन्ही एकच. यंत्राला दोन वेगळे शब्द. कोण कुठल्या कीबोर्डवर लिहितो त्यावर ठरतं. आणि ज्यांच्याकडं ते जोडचिन्ह मिळत नाही ते सरळ 'गुर्हाळ' लिहितात, ह वर रफार देऊन. तीन झाले. तसंच 'ॲडव्हान्स'चं. ॲ हे एकसंध अक्षर युनिकोडमध्ये 2008 साली आलं. त्याआधीच्या सवयीनं बरेच जण अ लिहून वर चंद्र देतात. 'ॲडव्हान्स मिळाला' असा विषय शोधायचा तर दोन्ही रूपं नियमात हवीत.

नियमात शब्दांची यादी देता येते, तेव्हा तिन्ही गुऱ्हाळं एका ओळीत बसवली. कॉपी-पेस्टच करा, हातानं टाइप करायला गेलात तर तुमचा कीबोर्ड तिन्ही वेळा एकच रूप देईल आणि तुम्हाला वाटेल यादी पूर्ण झाली. नेहमीच्या गिऱ्हाइकांसाठी मात्र मी विषयाचा नाद सोडून पाठवणाऱ्याच्या पत्त्यावरच नियम लावले. पत्त्याला रफार नसतो. फोल्डरची नावं मराठीत ठेवली तरी चालतात. डिस्कवर ती विचित्र इंग्रजी अक्षरांत दिसली तर ते बघून घाबरून नाव बदलायला जाऊ नका, आयमॅपची जुनी पद्धतच तशी आहे. सीव्हच्या फाईलमध्ये सरळ मराठीत लिहा.

परवा एक मेल तरीही इनबॉक्समध्ये राहिला. विषय कोरा, मजकूर कोरा, आत नुसता तुटलेल्या गिअरचा फोटो आणि नवीन पत्ता. दादाला विचारलं तर तो गिअर बघूनच म्हणाला कुणाचा ते. तो मेल मी हातानं चरकमध्ये हलवला.